कागदावर न आलेली ओवी

मराठी समीक्षेत लोकसाहित्याविषयी आदराने बोलण्याची रीत आता चांगली रुजली आहे. ओवी, धवळा, कहाणी, उखाणा, म्हण यांना एके काळी अडाण्यांची करमणूक म्हणून बाजूला सारले जाई. आज तेच प्रकार अभ्यासक्रमात आहेत, त्यांचे संग्रह निघतात आणि परिसंवादांत त्यांच्यावर निबंध वाचले जातात. हा आदर खरा आहे, त्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मात्र या आदराच्या पोटात एक गृहीत दडलेले आहे. गाणारीच्या तोंडून निघालेले शब्द उतरवून घेतले, शुद्ध करून छापले, की तिची कविता आपल्या हाती आली, असे आपण मानून चालतो. हे गृहीत कितपत टिकते, हे पाहण्याचा या लेखात प्रयत्न आहे. प्रश्न वाङ्मयाचा आहे, पण केवळ वाङ्मयाचा नाही. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर राहणाऱ्या माणसांना आपण 'बोलकी' समजतो की 'मुकी', हेही त्यावरच ठरत असते.

मुरबाड तालुक्यातील फांगणे या गावी ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. जिल्हा परिषदेचे शिक्षक श्री. योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने आणि मोतीराम दलाल ट्रस्टच्या साहाय्याने सुरू झालेल्या या शाळेत साठी ओलांडलेल्या आज्या गुलाबी लुगडे नेसून, पाटीदप्तर घेऊन आल्या. देशविदेशांत तिचे कौतुक झाले आणि ते योग्यच होते. आयुष्यभर अंगठा उठवणाऱ्या हाताने स्वतःचे नाव गिरवावे, यातला आनंद मोठा आहे. तथापि, अशा प्रसंगी आपण एक ठरीव उपमा वापरतो: अंधारातून उजेडाकडे. या उपमेशी मला भांडायचे आहे. त्या पिढीतल्या बायका पहाटे जात्यावर बसत आल्या, लग्नात आणि बारशात गात आल्या, बाजारात घासाघीस करत आल्या. त्यांच्यापाशी लिपी नव्हती. भाषा मात्र होती, आणि ती आपल्याला वाटते त्यापेक्षा अधिक भरलेली होती.

भाषा म्हणजे शब्द आणि शब्द म्हणजे अक्षरे, अशी आपल्या शिक्षितांची समजूत झालेली असते. तिला भाषाशास्त्राने गेल्या चार-पाच दशकांत चांगलाच धक्का दिला आहे. समोरासमोर बसून दोन माणसे बोलतात तेव्हा कानावर पडणारा शब्द हा संदेशाचा एक पदर असतो. आवाजाची उंची, थांबणे, हात, बोटे, भुवया, नजर, मानेची हालचाल, अंगाचा कल हे बाकीचे पदर. हे सारे एकाच वेळी येते आणि ऐकणाऱ्याचे मन ते एकत्र गुंफून अर्थ लावते. १९७६ साली हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनाल्ड या संशोधकांनी एक साधा पण चकित करणारा प्रयोग प्रसिद्ध केला. कानावर 'बा' हा ध्वनी पडत असताना डोळ्यांसमोर 'गा' म्हणणारे ओठ दाखवले, तर पुष्कळांना 'दा' ऐकू येते. म्हणजे आपण नुसत्या कानांनी ऐकत नाही, डोळ्यांनीही ऐकतो. २०२० साली महामारीत सर्वांच्या तोंडावर मुसके आले, तेव्हा कानाने अधू असलेल्या वृद्धांची जी तारांबळ उडाली, ती आपण सर्वांनी पाहिली. वर्षानुवर्षे ते ओठ वाचत होते, हे त्यांचे त्यांनाही तोवर ठाऊक नव्हते.

हातांचे तर आणखी नवल आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅकनील यांनी १९९२ साली 'हँड अँड माइंड' या ग्रंथात असे मांडले की, बोलताना होणारे हातवारे ही बोलण्यावर घातलेली वेलबुट्टी नव्हे; शब्द आणि हात हे एकाच विचाराचे दोन अवतार आहेत. १९९८ साली इव्हरसन आणि गोल्डिन-मेडो या विदुषींनी जन्मांध मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांनी उभ्या आयुष्यात कोणाचा हातवारा पाहिलेला नाही, ती मुलेही बोलताना हात हलवतात. समोरचाही आंधळा आहे हे ठाऊक असताना हलवतात. हातवारा हा दुसऱ्याला दाखवण्यापुरता असता तर असे घडले नसते. तो विचाराचाच भाग आहे.

संभाषणाच्या वेगाकडे पाहिले तर हे अधिक उलगडते. नेदरलँड्समधील नायमेखन येथील संशोधकांनी जपानी, डॅनिश, लाओ, कोरियन, इटालियन अशा दहा भाषांतील प्रश्नोत्तरे मोजली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात प्रश्न संपून उत्तर सुरू होईपर्यंतचा अवधी सरासरी एक-पंचमांश सेकंद भरला. आता एखाद्या वस्तूचे चित्र पाहून तिचे नाव उच्चारायला माणसाला सुमारे सहा-दशांश सेकंद लागतात. याचा अर्थ सरळ आहे. समोरच्याचे वाक्य पुरे होण्याआधीच आपण त्याचा शेवट ताडतो आणि उत्तर जुळवू लागतो. हे ताडणे नुसत्या शब्दांच्या आधारावर होत नाही. हात बहुधा शब्दाच्या किंचित आधी उठतो, भुवई प्रश्नाची वर्दी देते. ज्या प्रश्नांना हातवाऱ्याची जोड असते त्यांना उत्तर लवकर मिळते, असे युडिथ होलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले. आणखी संकेत म्हणजे आणखी ओझे, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात ते ओझे नसून आधार असतो.

ही दृष्टी आपल्याला परकी नाही. भरताच्या नाट्यशास्त्राने अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार सांगितले आणि वाचेला त्यांतले एक स्थान दिले, सगळे नव्हे. युरोपातही या विषयाचा एक मोठा ग्रंथ एका धर्मगुरूने लिहिला. नेपल्सच्या प्रधान मंदिरातील कॅनन आंद्रेआ दे योरिओ यांनी १८३२ साली आपल्या शहरातील सामान्य लोकांच्या हातवाऱ्यांचा कोश तयार केला. प्राचीन चित्रे आणि मूर्ती समजून घ्यायच्या, तर रस्त्यावरच्या माणसांचे हात पाहिले पाहिजेत, हे त्या विद्वान पाद्रीने ओळखले. आपल्याकडे बैलबाजारातल्या जुन्या व्यापाऱ्यांची रीत पाहा. वर तोंडाने मोठमोठ्याने हुज्जत चालू असे आणि खरा भाव रुमालाखाली एकमेकांची बोटे धरून ठरे. त्या हुज्जतीचे कोणी शब्दशः टिपण केले असते, तर त्यात सगळे काही आले असते. फक्त सौद्याची रक्कम आली नसती.

आपल्या लोकसाहित्याच्या संग्रहांचे थोडेसे असेच झाले आहे, असे म्हणावेसे वाटते. साने गुरुजींनी १९४० च्या सुमारास 'स्त्री-जीवन'मध्ये ओव्या एकत्र केल्या, सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या द्वारे संग्रहांमागून संग्रह काढले. त्यांचे ऋण फेडता येण्याजोगे नाही. ते नसते तर आज चर्चा करायलाही काही उरले नसते. पण या प्रकारच्या संग्रहांची मांडणी पाहिली, तर आई, भाऊ, सासर, नणंद, सीता अशा विषयवारीने ओव्या लावलेल्या आढळतात. कोणी, कोणासमोर, कोणते काम करताना ही ओवी म्हटली, याला पानावर जागा नाही. ओवी दोन स्वच्छ ओळींत उभी राहते, आणि समीक्षक तिच्यातील प्रतिमा, यमक आणि भावना यांची चर्चा करून पुढच्या ओवीकडे वळतो.

प्रत्यक्ष जात्यावर काय होत असे? बाई ओळ एका दमात म्हणत नाही. अर्धी ओळ घेते, जाते फिरते, 'गं बाई' अशी जोड देते, मग उरलेली अर्धी ओळ येते. कधी पहिलीच पुन्हा घेते आणि तेवढ्या वेळात पुढची जुळवते. समोर बसलेली जाऊ किंवा नणंद त्याच खुंट्याला हात लावून साथ करते. दळणाची मूठ घालायला हात सुटला की सूर खाली येतो. छापताना 'गं', 'बाई' यांना आपण पादपूरक ठरवतो आणि गाळतो. पण ती पोकळी भरण्यासाठी घातलेली अक्षरे नाहीत. ती संबोधने आहेत. समोरच्या बाईला 'आता तू घे' असे सांगणारी खूण त्यांच्यात आहे, आणि पुढची ओळ सुचेपर्यंतचा विसावाही आहे. ज्या अक्षरांवर दोघींचा संवाद तोललेला आहे, तीच आपण निरर्थक म्हणून काढून टाकतो.

नणंदेची कागाळी करणारी ओवी घ्या. ती एकटीने म्हटली तर गाऱ्हाणे आहे. माहेरच्या बहिणीसमोर म्हटली तर मन मोकळे करणे आहे. आणि प्रत्यक्ष नणंदच खुंट्याच्या पलीकडे बसलेली असताना, तिच्या डोळ्यांत डोळे घालून, ओठ मुडपून म्हटली, तर ती थट्टा आहे, किंवा तोंडावर बोलता येत नाही ते गाण्याच्या आडून सांगणे आहे. तिन्ही वेळी शब्द तेच. छापील संग्रहात ती 'नणंद' या मथळ्याखाली एकदा येते, आणि आपण अनुमान काढतो की मराठी स्त्री नणंदेचा द्वेष करीत असे. समीक्षेतली ही चूक भाबडेपणाची नाही. अर्थ शब्दांतच संपूर्णपणे साठवलेला असतो, या श्रद्धेची ती चूक आहे.

या बाबतीत हेमा राईरकर आणि गी पॉयटव्हाँ या दांपत्याचे काम वेगळे उठून दिसते. पुण्यात राहून त्यांनी सहकाऱ्यांच्या मदतीने हजाराहून अधिक गावांतून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. गाणाऱ्या बाईचे नाव, तिचे गाव, तिचा समाज यांची नोंद ठेवली. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने गाण्यांचे ध्वनिमुद्रणही झाले. २००४ साली पॉयटव्हाँ आणि २०१० साली राईरकर निवर्तल्यानंतर ते भांडार 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया' या संस्थेने हाती घेतले आणि आवाजासह, छायाचित्रांसह लोकांपुढे ठेवले. एखादी ओवी आधी वाचून मग ऐकावी. वाचताना जी साधी वाटली तीच ऐकताना कुठे रेंगाळते, कुठे घाई करते, कुठे गिळली जाते हे कळते, आणि आपण वाचली ती ओवी नव्हती, ओवीचा सांगाडा होता, हे ध्यानात येते.

वारली समाजाच्या लग्नातील धवलेरीचे उदाहरण याहूनही बोलके आहे. शहापूरपासून डहाणूपर्यंत पसरलेल्या या समाजात लग्न लावते ती धवलेरी, म्हणजे गाणारी स्त्री. ब्राह्मणाचे मंत्र नाहीत. तिची गाणी हाच विधी. सुवासिनी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, त्यात पालघट देवी येते, आणि गाणे व लेखन एकाच संस्काराचे भाग म्हणून चालतात. तिची गाणी कागदावर वाचली तर पुनरुक्तीने कंटाळा येतो. तेच ते नाव, तीच ती क्रिया, किंचित फरकाने पुन्हा पुन्हा. वाचक म्हणतो, संपादकाने कात्री लावायला हवी होती. पण हे गाणे वाचण्याच्या वेगाने चालत नाही, विधीच्या वेगाने चालते. जितका वेळ हाताला लागतो तितका वेळ गाण्याने धरून ठेवायचा असतो. तिथे पुनरुक्ती हा दोष नसून काम आहे.

या जोडीतले चित्र पुढे भिंतीवरून निघाले. सत्तरच्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी डहाणू भागात कागद घेऊन गेले आणि जिव्या सोमा म्हसे यांच्यासारखा थोर चित्रकार जगापुढे आला. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते वारले. त्यांच्या प्रतिभेविषयी दुमत असू शकत नाही, आणि एका पुरुषाने हाती घेतलेल्या त्या कलेने अनेक घरांना भाकर दिली. मात्र शहरातल्या दिवाणखान्यात जे पोचले ते चित्र आहे. त्याच्यासोबत चालणारे गाणे मागे, पाड्यावरच राहिले, आणि गाणाऱ्या स्त्रिया थकत चालल्या आहेत. एकसंध असलेल्या गोष्टीचा विकला जाणारा अर्धा भाग उचलून आपण त्याला 'वारली कला' असे नाव दिले.

मराठी वाङ्मयाच्या आरंभीच या प्रश्नाची जाण असलेला एक ग्रंथ उभा आहे, हे समीक्षकांनी विसरू नये. म्हाइंभटाने तेराव्या शतकात श्रीचक्रधरांच्या आठवणी ज्यांनी त्यांना पाहिले-ऐकले होते त्यांच्याकडून गोळा करून 'लीळाचरित्र' रचले. त्यात वचन एकटे येत नाही. कोठे, कोणाच्या समोर, बसून की चालता चालता, काय घडल्यावर ते बोलले, हे सारे येते. दोघांच्या आठवणीत फरक पडला तर तोही नोंदलेला आहे. पुढे केसोबासांनी त्यातून वचने वेगळी काढून 'सूत्रपाठ' सिद्ध केला. पाठांतराला ते सोयीचे झाले. पण सुटी झालेली सूत्रे अडू लागली, आणि कोणते सूत्र कोणत्या प्रसंगी निघाले हे सांगण्यासाठी 'प्रकरणवश' नावाची रचना करावी लागली. शब्द प्रसंगातून उपटला की तो प्रसंग पुन्हा कुठून तरी आणून जोडावा लागतो, हा धडा महानुभावांनी सातशे वर्षांपूर्वी घेतला होता. आपण लोकगीतांचे सूत्रपाठ काढीत बसलो आहोत. त्यांचे प्रकरणवश लिहायचे राहिले आहे.

आपल्या वाचकांना जवळचा असलेला ग्रंथ म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण'. १६१६ साली राशोल येथे ते प्रथम रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथावर मराठीत जे लेखन होते, त्यात शब्दकळा, ज्ञानेश्वर-एकनाथांचे संस्कार, कोंकणीचा प्रभाव आणि पाठभेद यांची चर्चा असते. ती आवश्यकच आहे. पण ज्यांच्यासाठी हे पुराण रचले गेले त्यांतील बहुसंख्यांनी ते वाचले नाही. देवळात जमून ऐकले. ग्रंथाची रचनाच श्रोत्याने विचारावे आणि पाद्री गुरूने सांगावे अशी आहे. आज एकांतात मनातल्या मनात वाचणाऱ्याला काही प्रसंग लांबलेले वाटतात. समोर मंडळी बसली आहेत, गाणारा त्यांच्या चेहऱ्यांकडे पाहून थांबतो आहे, असे समजून मोठ्याने वाचावे, म्हणजे ती लांबी कशासाठी आहे हे उमगते. ख्रिस्तपुराणाची खरी समीक्षा करायची तर ते निदान एकदा गाणाऱ्याच्या तोंडून ऐकले पाहिजे.

यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. छापील शब्दाने जे दिले ते विसरून कसे चालेल? बोललेला शब्द बोलणाऱ्याबरोबर मरतो, लिहिलेला उरतो. समोरासमोरच्या बोलण्यात जसा आधार असतो तसा दाबही असतो. सावकाराच्या भुवईपुढे गरिबाची जीभ अडखळते, पण सातबाऱ्याचा उतारा भुवईला घाबरत नाही. फांगण्याच्या आज्यांना अक्षर हवेसे वाटले, ते उगाच नव्हे. हे सर्व मला मान्य आहे. सेमिनरीत आम्हांला प्रवचन लिहून काढायला शिकवीत, आणि त्या शिस्तीने विचाराला जी बैठक आली तिचा मी ऋणी आहे. माझा वाद लिपीशी नाही. लिपीत जे उतरले नाही ते अस्तित्वातच नव्हते, असे समजणाऱ्या वृत्तीशी आहे. पंचांगात पाऊस लिहिलेला असतो म्हणून पंचांग पिळले तर पाणी निघत नाही, हे आपला शेतकरी जाणतो.

ही वृत्ती समीक्षेच्या पानांपुरती राहिली असती, तर मी एवढा आग्रह धरला नसता. तिचे परिणाम आमच्या तालुक्यांत रोज दिसतात. कातकरी, ठाकर, वारली मुले पहिलीच्या वर्गात येतात, तेव्हा त्यांची घरची बोली पुस्तकातल्या मराठीहून निराळी असते. ती गप्प बसतात आणि 'मूल बोलत नाही' असा शेरा पडतो. मूल बोलत असते. ते बोट दाखवते, हाताने आकार करते, खाली बसून मातीत रेघ ओढते. सुसान गोल्डिन-मेडो यांच्या संशोधनाने दाखवून दिले आहे की, मुलाला एखादी कल्पना उमगू लागते तेव्हा पुष्कळदा ती आधी हातात येते आणि मग तोंडात. तोंडाने चुकीचे उत्तर देणाऱ्या मुलाचा हात बरोबर उत्तर दाखवत असेल, तर ते मूल शिकण्याच्या उंबरठ्यावर उभे असते. अशा वेळी हाताकडे पाहणारा शिक्षक मिळाला तर ते मूल आत येते. वहीकडेच पाहणारा मिळाला तर गळते.

दुसरे उदाहरण ग्रामसभेचे. शहापूर तालुका सर्वच्या सर्व आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. १९९६ च्या पेसा कायद्याने तिथल्या ग्रामसभेला जमीन, जंगल, पाणी यांविषयी मोठा अधिकार दिला आहे. ज्या डोंगरांत तानसा, भातसा यांची धरणे आहेत आणि जिथले पाणी मुंबईला जाते, तिथल्याच पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. तेव्हा या अधिकाराचे मोल सांगायला नको. पण ग्रामसभा भरते ती माणसांची आणि उरते ते इतिवृत्त. मागे बसलेल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिले, एकीने पदर तोंडाला लावला, दुसरी उठून निघून गेली, एका म्हाताऱ्याने मान हलवली खरी पण ती 'ऐकतो आहे' अशा अर्थाने. इतिवृत्तात यांतले काही येत नाही. येते ते एवढेच: विषय समजावून सांगण्यात आला, सर्वानुमते मंजूर. नापसंती शब्दांत न मांडणारा समाज ती अंगाने मांडत असतो. जो लिहिणारा ते वाचू शकत नाही तो निरक्षर आहे, असे म्हणायला हवे. दवाखान्यातही हेच घडते. 'आजी, समजलं ना?' या प्रश्नाला आजी मान हलवते, कारण नाही म्हणणे उद्धटपणाचे वाटते. गोळ्या सकाळी किती आणि रात्री किती, हे तिला हाताने करून दाखवायला सांगितले असते, तर काय समजले आणि काय नाही ते क्षणात कळले असते.

म्हणून लोकसाहित्याच्या समीक्षेने आपल्या कसोट्या थोड्या बदलाव्यात, अशी माझी विनंती आहे. संग्रह हाती आला की प्रतिमा आणि यमके मोजण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. गाणारी कोण आणि तिच्या समोर कोण होते? तिचे हात त्या वेळी काय करीत होते? आणि कोणते शब्द, कोणते सूर, कोणती थांबणी संपादकाने गाळली? ज्या संग्रहात यांची उत्तरे आहेत तो अपुरा, वेडावाकडा असला तरी अधिक विश्वासाचा. ज्यात नाहीत तो कितीही देखणा असला तरी त्यावरून त्या माणसांच्या मनाविषयी निकाल देऊ नये. हीच कसोटी ग्रामीण कादंबरीलाही लावता येईल. 'न्हाई', 'व्हय' अशी रूपे पेरली की बोली आली, असा समज पसरला आहे. पात्र बोलताना कोणाकडे पाहते, कोणाकडे पाहायचे टाळते, हे ज्या लेखकाला दिसले नाही त्याने बोलीचे फक्त स्पेलिंग लिहिले.

आणि हे काम केवळ समीक्षकांचे नाही. आज घरोघरी फोन आहेत आणि त्यांत चित्र व आवाज दोन्ही टिपण्याची सोय आहे. वीस वर्षांपूर्वी ज्यासाठी संशोधकाला यंत्रे वाहून न्यावी लागत, ते आता नातवाच्या खिशात असते. आपल्या कुटुंबातली, शेजारच्या पाड्यावरची जी आजी अजून ओवी, धवळा किंवा देवळातली जुनी गाणी म्हणते, तिची परवानगी घ्यावी. तिला खुर्चीवर एकटी बसवून 'म्हणा' असे सांगू नये. घरात जाते असेल तर जात्यावर, नसेल तर सूप हातात घेऊन, जिच्याबरोबर ती गात आली त्या सोबतिणीसह बसू द्यावे. ती चुकली, हसली, मध्येच थांबून कोणाची तरी आठवण सांगू लागली, तर कापू नये. तिचे नाव, गाव, तारीख आणि समोर कोण बसले होते हे लिहून ठेवावे. मग तिचे शब्द कागदावर उतरवावेत आणि ते तिला वाचून दाखवावेत. ती म्हणेल, 'हे असं नाही.' तिथून आपली समीक्षा सुरू व्हावी.